उंदरांच्या मॅडम

कुणाच्या घरी दुःख झालं की आपण भेटायला जातो, सतरंजीवर बसतो, बिनदुधाचा चहा घेतो आणि उठता उठता एक वाक्य ठेवून येतो. झालं ते झालं, इसरा आता. मी पण आयुष्यभर हेच म्हणत आले. दुसरं काय म्हणायचं असतं ते कुणी शिकवलंच न्हाई. सुजाता मॅडम आमच्या शेजारी राहायला आल्या आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी माझं हे वाक्य भर बैठकीत मोडलं.

आमच्या वस्तीतला एक कर्ता माणूस गेल्ता. त्याच्या बायकोच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणाले, इसर माय आता. मॅडम कोपऱ्यात बसलेल्या, नव्या, कुणाशी धड ओळख न्हाई. तिथून म्हणाल्या, "का विसरायचं, मावशी? तुम्हाला त्रास होऊन राह्यला का तिच्या आठवणीचा?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण ती बाई दोन दिवसांपासून भिंतीकडं तोंड करून पडलेली, ती उठून बसली आणि नवऱ्याचं सांगू लागली. तो भाकरीचा पापुद्रा आधी खायचा आणि खालचा भाग तिला ठेवायचा, असलं काहीबाही. बोलता बोलता हसली सुद्धा. मॅडम तिच्याजवळ सरकून ऐकत बसल्या. त्या दिवसापासून त्यांच्यासमोर "इसरा" म्हणायची माझी तरी हिंमत झाली न्हाई.

मॅडम मूळच्या धावड्याच्या, भोकरदनकडच्या. जीवशास्त्र शिकल्या आणि हैदराबादला एका प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूवर काम करत होत्या. वडील आजारी पडले म्हणून अर्धं काम टाकून आल्या. वडील गेले, आणि परत जाऊन पाहतात तर त्यांच्या टेबलावर दुसरं कुणी बसलेलं. मंग आमच्या कॅनॉलपल्याड सडकेवर जी शाळा आहे, तिथं वरच्या वर्गांना शिकवायला कंत्राटावर लागल्या. गावात खोली पाहिली, मिळाली न्हाई. का मिळाली न्हाई ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत न्हाई. त्या सरळ आमच्या विहारामागच्या खोलीत आल्या आणि गावातल्या घरमालकांनी ऐकावं इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, बरं झालं, इथं वारा चांगला येतो.

ठेंगण्या, सावळ्या, चालणं असं जल्दी की बरोबरच्या माणसाला पळावं लागायचं. हातात बाप्यामाणसाची काळी छत्री, ऊन असो नसो. पोह्यात मिरच्या इतक्या की माझ्या डोळ्याला धारा लागायच्या, आणि एक शब्द सदा तोंडात, "कशावरून?" उद्या पाऊस येणार म्हटलं, कशावरून? अमक्याची सून आगाऊ आहे म्हटलं, कशावरून? मी एकदा म्हणाले मॅडम, आज तुम्ही बऱ्या दिसून राह्यल्या. तरी तेच. आमच्या वस्तीतली लेकरं एकमेकांना कशावरून विचारू लागली आणि आयांनी मॅडमला शिव्या दिल्या.

उंदरांचं कळल्यावर गावानं नाव पाडलं, उंदरांच्या मॅडम. पारावरचे रिकामे लोक त्या जाताना चूं चूं करायचे. मॅडम एक दिवस थांबल्या, छत्री टेकवली. म्हणाल्या, "उंदीर तुमच्यापेक्षा इमानदार असतो बरं का. भ्यायला तर भ्यायला म्हणून दाखवतो. मिशीला पीळ देत बसत न्हाई." दुसऱ्या दिवसापासून चूं चूं बंद.

मी शाळेत गेलेली न्हाई. एसटीच्या पाट्यांवरून अक्षरं शिकले, अंबड, परतूर, घनसावंगी, आणि मंग पुड्याच्या कागदावर जे येईल ते वाचत गेले. मॅडमनं माझी कधी कीव केली न्हाई. मेंदूचं जे पोरांना सांगायच्या तेच मला सांगायच्या, तेवढंच. एकदा तर वर्गच उठवून कॅनॉलच्या चारीवर, शेताला पाणी नेणाऱ्या फाट्यावर आणला. मी शेळी घेऊन तिथंच होते. त्यांनी चारीचं लोखंडी गेट दाखवलं आणि म्हणाल्या, असलीच दारं तुमच्या डोक्यात आहेत, फक्त डोळ्याला दिसणार न्हाईत इतकी बारीक.

मला कळलं ते असं. मेंदूत पेशी, प्रत्येक पेशीच्या कातड्याला दारं. त्याला आयन चॅनल म्हणायचं. सोडियमचं दार वेगळं, पोटॅशियमचं वेगळं, कॅल्शियमचं वेगळं, आणि एकाच्या दारातून सहसा दुसऱ्याला वाट न्हाई. मिठातलं सोडियम आत घुसलं की पेशी पेटते. पोटॅशियम बाहेर पडलं की थंड होते. अशी एक पेशी पेटली की ती शेजारणीला निरोप देते. आता त्यात एक दार फार हट्टी. त्याला बूच बसलेलं असतं. नुसता निरोप आला तरी ते हलत न्हाई. निरोप यावा आणि त्याच घडीला निरोप घेणारी पेशी पण पेटलेली असावी, तरच बूच निघतं. मंग कॅल्शियम आत जातं आणि ती पेशी त्या जागेवर आणखी दारं बसवून घेते. पुढच्या खेपेला थोडा निरोप आला तरी धबाधबा. मॅडम म्हणाल्या, ह्यालाच शिकणं म्हणतात. पाढा असाच पाठ होतो आणि भीती पण अशीच पाठ होते.

प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. म्हणाले, हे पोर्शनमधी न्हाई, मॅडम. ह्या म्हणाल्या, पोर्शनमधी नसलं तरी पोरांच्या डोक्यात तर हाय न, सर.

आता अश्विनीचं सांगते, कारण मॅडम म्हटलं की मला तेच वर्ष आठवतं.

अश्विनी आमच्या गावच्या भगवानरावाची लेक. घर तालेवार, ऊस कॅनॉलपर्यंत. पोरगी बारावीला, मॅडमच्या वर्गात, आणि मॅडमला उलटं "कशावरून" विचारणारी ती एकटीच. तिचा धाकटा भाऊ सोन्या त्याच शाळेत खालच्या वर्गाला. एका संध्याकाळी दोघं घरी येताना कॅनॉलच्या पायऱ्यांवर पाय धुवायला उतरले. पाणी सुटलेलं होतं. सोन्याची चप्पल वाहिली, तो धरायला वाकला. अश्विनीच्या डोळ्यादेखत झालं.

तेव्हापासून पोरगी कॅनॉलकडं फिरकेना. आमचं गाव नदी आणि कॅनॉलच्या मधी. शाळा, सडक, एसटी, दवाखाना, सगळं पल्याड. पुलाशिवाय वाट न्हाई. बांध दिसला की तिचे हातपाय गार पडायचे, दातखीळ बसायची. बापानं डोळे बांधून गाडीवर बसवलं तर पाण्याचा आवाज ऐकून तिनं चालत्या गाडीवरून उडी टाकली. कुणी म्हणालं बाधा हाय, कुणी म्हणालं बाहेरचं हाय. गावात येणाऱ्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तर दिवसभर झोपून. शेवटी भगवानरावानं ठरवलं, उन्हाळ्यात अठरा पुरी होतात, नदीच्याच बाजूला एखादं स्थळ पाहू, जिथं कॅनॉल लागत न्हाई. परीक्षेचं नाव नका काढू.

मॅडमनं छत्री उचलली. मला म्हणाल्या, चला मावशी, एकटीला बोलू देणार न्हाईत. गेलो. आम्हाला ओट्याखालीच उभं केलं. मॅडम दोन पायऱ्या चढल्या, ओट्यावर बसल्या आणि तहान लागलीय म्हणून पाणी मागितलं. घरातल्यांनी एकमेकांकडं पाहिलं. पाणी यायला वेळ लागला, पण आलं. त्या सावकाश प्यायल्या. मंग म्हणाल्या, पोरीची परीक्षा मी बुडू देणार न्हाई.

रोज जायच्या. डॉक्टरशी पण भांडून आल्या, ह्या गोळीनं ती दिवसभर गुंगीत राहते, नवं काही शिकणार कशी? भांडण मोठं झालं म्हणतात, पण डॉक्टर भला, त्यानंच हळूहळू गोळी कमी केली. पोरगी मात्र बोलेना. मॅडम नुसत्या तिच्या बाजूला बसून यायच्या. आणि एक दिवस ती बोलली ते मी माझ्या कानानं ऐकलं.

"मॅडम, मला न्हाई बरं व्हायचं. भीती गेली तर सोन्या पण जाईल."

 मॅडमनं तिला उंदरांचं सांगितलं. उंदराला एक आवाज ऐकवायचा आणि पायाला झटका द्यायचा. थोड्याच वेळात तो नुसत्या आवाजानं थिजतो. मंग झटका बंद करायचा, आवाज तेवढा ऐकवत राहायचा. हळूहळू तो थिजायचा थांबतो. पाहणाऱ्याला वाटतं, विसरला. पण त्यालाच दुसऱ्या पिंजऱ्यात नेऊन तोच आवाज ऐकवला तर पुन्हा थिजतो. म्हणजे जुनं जागेवरच होतं. वरून नवं शिकणं बसलं होतं, आता भ्यायचं कारण न्हाई म्हणून. ते नवं शिकायला पण तीच बुचाची दारं उघडावी लागतात.

"पुसलं काही जात न्हाई, अश्विनी. जुनी चारी बुजवायची नसते, शेजारी नवी खोदायची असते. भीती विझेल. सोन्या राहील. कुणी त्याला विसर म्हणालं तर माझ्याकडं पाठव."

पोरगी मॅडमच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. दुसऱ्या दिवशी चप्पल घालून दारात उभी.

पाणी पाळीनं सुटतं आमच्याकडं. तेव्हा पाळी संपलेली, कॅनॉल कोरडा ठाक. मॅडमनं तिला आधी बांधापर्यंत नेलं, मंग पुलाच्या तोंडाशी, मंग कठड्यापर्यंत. संक्रांतीच्या सुमारास दोघी पुलाच्या बराबर मधी बसून बोरं खात होत्या आणि बिया खाली कोरड्या तळात टाकत होत्या. सारा गाव पाहून गेला. भगवानराव पण दुरून पाहून गेला. पोरगी शाळेत जाऊ लागली. प्राचार्यांनी सुद्धा मॅडमला चहा पाजला.

आणि पाळी सुटली.

अश्विनी नेहमीसारखी निघाली, बांध चढली, खालून आवाज आला आणि ती तिथंच कोसळली. आधीपेक्षा वाईट. दोन दिवस अन्न घेतलं न्हाई. गावाला तर आयतंच सापडलं. बाईनं उंदीर आणि माणूस एक केलं, म्हणे. वाढीव शिकलेल्या बाईच्या नादी लागू नये, म्हणे. पारावर पुन्हा चूं चूं.

मॅडम माझ्या अंगणात येऊन बसल्या. स्वतःवरच चिडलेल्या.

"मावशी, पिंजरा बदलला की भीती परत येते, हे मीच पोरांना शिकवते. आणि मी काय केलं? तिला कोरड्या कॅनॉलवर नेलं. तिला कोरड्याची भीती कधी होती का?"

मी म्हणाले, आता कसं करायचं?

"आता ओल्यावर," म्हणाल्या आणि उठल्याच.

भगवानराव दारात आडवा उभा. त्या माणसाला मी वाईट म्हणणार न्हाई. त्याचं लेकरू गेल्तं. तो म्हणाला, "मॅडम, बस करा. एक गेलं माझं. दुसऱ्यावर प्रयोग नका करू."

"चूक माझी झाली. ती अर्धी ठेवून मी जाणार न्हाई."

"तिचं लगीन करून देतो. सुखी राहील."

"भगवानराव, तुम्ही पुलावरून गाडी काढता तेव्हा मान वळवता. मी रोज बघते. तुम्ही तिचं लगीन लावून न्हाई राह्यले, तिला पाण्यापासून लपवून राह्यले. स्वतःला पण. आणि पाणी तर तुमच्या उसापर्यंत येऊन राह्यलंय."

मला वाटलं आता हा हात उगारतो. पण त्याचं तोंडच उतरलं. आणि आतून अश्विनी आली. तिच्या ओठाला रंग नव्हता. बापाला म्हणाली, मी जाते. एवढंच.

मंग जे चाललं ते बघवत नव्हतं. बांधापासून लांब एक बाभूळ आहे, जिथं आवाज नुकता कानावर येतो, तिथून सुरुवात. मी सोबतीला असायची. तिचं पाऊल अडलं की माझ्या तोंडात यायचं, भिऊ नको बाई. मॅडम मला डोळ्यानं दटावायच्या. म्हणायच्या, भिऊ द्या तिला. भिऊन उभी राहू द्या, आणि काही होत न्हाई हे तिच्या पेशींना कळू द्या. पळाली तर पळणंच शिकेल. पण जबरदस्ती बिलकुल न्हाई. किती पुढं जायचं आणि कधी थांबायचं ते अश्विनी सांगायची. कधी बाभळीखाली निवांत बसायची, कधी बांधाला हात लावून यायची, कधी घरच्या उंबऱ्यातूनच माघारी फिरायची. मॅडमचा चेहरा कधी पडला न्हाई. उद्याचा दिवस हाय न, म्हणायच्या.

पारावरचे लोक बघायला येऊ लागले तेव्हा मात्र मीच उठले. म्हणाले, बघा, नीट बघा. तुमच्यातल्या किती जणांनी आपल्या भीतीच्या तोंडात असं रोज जाऊन दाखवलंय? एक एक करून निघून गेले.

परीक्षा जवळ आली तोवर अश्विनी भरल्या कॅनॉलवरून मॅडमसोबत जाऊ-येऊ लागली होती. मला वाटलं जिंकलं. मॅडमला वाटेना. त्यांनी एक दिवस मुद्दाम छत्री घरी ठेवली आणि चार पावलं मागं राहिल्या. पोरगी वळून वळून बघायची. मॅडम दिसल्या तर पाऊल पुढं, न्हाई तर जागच्या जागी.

त्या मला म्हणाल्या, "आता मीच तिचा पिंजरा झाले, मावशी. मी असले तरच ती धीट. मंग काय उपयोग?" त्यांनी ठरवून टाकलं, पहिल्या पेपरला त्या पुलावर येणार न्हाईत. अश्विनीला तसं सांगितलं पण.

त्याच दिवसांत दोन गोष्टी झाल्या होत्या. शाळेनं कळवलं, पुढच्या वर्षी कंत्राट न्हाई. कारण कुणी सांगितलं न्हाई, मॅडमनं "कशावरून" विचारलं न्हाई. आणि हैदराबादहून बोलावणं आलं, जुन्याच कामावर. मी म्हणाले, या वयात पुन्हा उंदीर? म्हणाल्या, अर्धं टाकून आल्ते, पुरं करायचंय. त्या दारांचं अजून पुष्कळ कळायचं राह्यलंय. जाताना मला भेटतील असं धरून मी चालले होते. पण पहिल्या पेपरच्या दिवशी दुपारीच मला वाटूरला लेकीच्या बाळंतपणाला जावं लागलं, आणि परत आले तर खोलीला कुलूप. म्हणून मॅडमला मी शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी.

सकाळी मी पुलावर गेले. पाणी काठोकाठ. भगवानराव गाडी बंद करून एका बाजूला उभा. अश्विनी आली. बापानं गाडीकडं हात केला, तिनं मान हलवली. चालू लागली. पहिल्यांदा मागं पाहिलं, मॅडम न्हाई. थांबली. मला वाटलं गेलं सगळं. मंग पुन्हा चालली. मधोमध जाऊन कठड्याला दोन्ही हातांनी धरलं आणि खाली पाण्याकडं बघत राहिली. ओठ हलत होते. खांदे हलत होते. बाप पुढं व्हायला लागला तर मी त्याचा शर्ट धरला. ती तशीच ओढणीनं डोळे न पुसता निघाली आणि पल्याड उतरली. एसटी उभीच होती.

मी जल्दी जल्दी मॅडमकडं आले. त्या उंबऱ्यात बसल्या होत्या, कॅनॉलकडं पाठ करून. पुढं ताट, भुईमुगाच्या शेंगा फोडून राह्यल्या होत्या. दाणे खाली जमिनीवर, टरफलं ताटात. मान वर न करता विचारलं.

"गेली?"

"गेली."

"पळत?"

"न्हाई. मधी थांबली. खाली पाहिलं, सोन्याशी काही बोलली. मंग गेली, रडत रडत."

"रडत गेली न? मंग बराबर गेली."

असं म्हणून मॅडमनं ताटातली मूठभर टरफलं उचलली, तोंडात टाकली आणि चावत बसल्या. मी पाहत राहिले. त्यांच्या ध्यानात आलंच न्हाई.